पेजमेकर सोडायचा का? : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

आमच्या डीटीपीच्या, म्हणजे पुस्तकं-अंकांची पानं संगणकावर लावायच्या, जागेतलं कोपऱ्यातलं जुनं यंत्र आज चालूच होईना. विंडोज एक्सपी, पानं लावायचं पेजमेकर ७ आणि मागे प्रिंटर पोर्टला खोचलेलं फॉण्टचं लॉक, ज्याच्याशिवाय आमचे मराठी फॉण्ट चालत नाहीत. पॉवर सप्लाय गेला होता. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने भंगारातला एक काढून बसवला आणि चार वाजता पडदा उजळला. तोवर पानं लावणाऱ्या काकांचे तीन चहा झाले आणि माझी एक यादी झाली : या डब्यात काय काय अडकलंय.

२००१ पासूनचे २४ दिवाळी अंक. त्रैमासिकाचे ७० अंक. पुस्तकं ३८. सगळं पेजमेकरच्या पीएमडी फायलींत आणि सगळं मराठी फॉण्टांच्या एकाच पॅकेजमध्ये.

पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ची, आणि तीच शेवटची. त्या वर्षी जन्मलेली पोरं आता नोकरीला लागली. ‘आता बदलायचंच’ हे आमच्याकडे दर दिवाळीनंतर ठरतं, आणि जूनमध्ये मजकूर यायला लागला की कोणी त्याचं नाव काढत नाही. म्हणून या वेळी लिहून ठेवतोय. मुदत : मे अखेर.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन संपादकबाई आल्या, सोबत एक काम. २००७च्या दिवाळी अंकात आलेली एक कथा लेखिकेला संग्रहासाठी हवी आहे, ‘वर्डमध्ये द्या’. तिच्याकडे हस्तलिखित उरलेलं नाही. अंकाची पीडीएफ उघडून मजकूर उचलला आणि चिकटवला, तर डॉलर, कंस, टोप्या घातलेली रोमन अक्षरं. छापलेली कथा डोळ्यांना दिसते, पण यंत्राच्या लेखी तिथे मराठीचं एक अक्षर नाही.

बाईंना वाटलं फाईल बिघडली. बिघडलेली नाही, ती जन्मापासून अशीच आहे. त्या काळच्या फॉण्टात जेमतेम दोनशे-सव्वादोनशे घरं असायची. त्यांत आख्खी देवनागरी बसत नाही, म्हणून अक्षरांचे तुकडे ठेवायचे : अर्धा ख, त्याला काना जोडला की पूर्ण ख. रोमन अक्षरांच्या घरांत मराठीचे तुकडे भाड्याने राहत होते म्हणायचं. फॉण्ट असेल तोवर मराठी, फॉण्ट काढला की मूळ घरमालक.

गंमत अशी की अशा फॉण्ट-पॅकेजांतलं श्रीलिपी पुण्याचं, सी-डॅकचं आयएसएमही पुण्यातलंच. मराठी डीटीपीची निम्मी सोय आमच्या गावाने केली. आमचं पॅकेज कोणतं ते राहू दे.

२१ जानेवारी

पॅकेजवाल्यांना फोन. त्या आवृत्तीचं लॉक आता मिळत नाही. नवीन आवृत्ती घ्या, जुन्या फायलींची अक्षरं ‘बहुतेक’ जुळतील. बहुतेक या शब्दावर २४ दिवाळी अंक टाकायचे का?

२७ जानेवारी

आज फक्त मोजणी केली. मार्च अंकातली एक कथा घेतली. लेखकाने ती मोबाईलवर लिहून मेलने पाठवली, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आला, जिथे मराठी अक्षरांना स्वतःची घरं असतात. काकांनी तो कन्व्हर्टरने आमच्या जुन्या फॉण्टात उलटा फिरवला, पेजमेकरमध्ये ओतला, बटरपेपरवर प्रूफ काढलं. प्रूफ बघणाऱ्या ताई निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांच्या लाल पेनातून काही सुटत नाही. ४१ चुका निघाल्या. त्यांतल्या २९ लेखकाच्या मजकुरात नव्हत्याच, आम्ही उलटं फिरवताना घातल्या. ‘ॲ’ गायब, ‘ऱ्ह’ची फाटाफूट, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच जोडाक्षरं.

म्हणजे लेखक शुद्ध मजकूर पाठवतो, आम्ही तो नासवतो आणि मग पैसे देऊन दुरुस्त करून घेतो. दहा वर्षांपूर्वी निम्मे लेखक हातानेच लिहीत, तेव्हा हे जाणवत नव्हतं. आता हस्तलिखित वर्षाला दोन येतात.

काकांना आकडा सांगितला. ते म्हणाले, “चुका निघतात ना पण? मग?”

५ फेब्रुवारी

पेजमेकरच्या जागेसाठी उमेदवार दोनच ठेवले : इनडिझाईन आणि स्क्रायबस. मुखपृष्ठ आणि जाहिराती चित्रांच्या कोरलड्रॉमध्येच राहतील. जाहिरातदार कोरलच्याच फायली पाठवतात आणि ‘कर्व्ह केल्यात का?’, म्हणजे अक्षरांची चित्रं केलीत का, एवढाच प्रश्न उरतो. तिथे हात लावायचा नाही.

चाचणीसाठी शब्दांची एक चिठ्ठी केली : दऱ्या, कुऱ्हाड, ऱ्हस्व, वाङ्मय, उद्ध्वस्त, मूर्तींना, स्थिती, हृदय, पद्मश्री, ब्रह्म, ॲडव्होकेट, कॅप्टन, शास्त्र, लक्ष्मी. ज्याला हे जमत नाही त्याला दारातूनच नमस्कार.

११ फेब्रुवारी

इनडिझाईनची चाचणी-आवृत्ती. पहिल्या पाच मिनिटांत काका जिंकले असं वाटलं : ‘स्थिती’ची वेलांटी चुकीच्या बाजूला, पाय मोडलेला स सुटा उभा. कारण निघालं साधं. ओळी लावणारा कंपोझर वेगळा निवडावा लागतो. परिच्छेदाच्या जस्टिफिकेशनच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ घेतला आणि चिठ्ठीतले सगळे शब्द सरळ झाले. भारतीय लिप्यांची ही सोय २०१२च्या सीएस६पासून अधिकृतपणे आहे. गावातल्या किती डीटीपीवाल्यांनी पहिल्या पाच मिनिटांत मोडका स बघून ‘यात मराठी येत नाही’ असा निकाल दिला असेल कोण जाणे. मीही २०१४ मध्ये तोच दिला होता.

परिच्छेदाची स्टाईल करतानाच कंपोझर आणि भाषा नेमून टाकायची, म्हणजे रोज आठवण ठेवायला नको. भाषा मराठी नेमण्याला आणखी एक कारण आहे. काही फॉण्टांत ल आणि श यांची दोन्ही वळणं असतात, हिंदीचं आणि मराठीचं. भाषा सांगितली तरच आपलं वळण येतं. शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला तेव्हा या दोन अक्षरांचाही विचार झाला होता. काकांना निर्णय-बिर्णय माहीत नाही, पण हिंदी वळणाचा ल दिसला की ते म्हणतात, “हा आपला नाही.”

पीएमडी फाईल मात्र उघडत नाही. सीएस६पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फायली उघडत, आताच्या नाही. आणि उघडली असती तरी आतला मजकूर त्याच भाड्याच्या घरांत.

१८ फेब्रुवारी

स्क्रायबस १.६. फुकट, मुक्त, २०२४च्या १ जानेवारीला आलेली आवृत्ती. पूर्वी मी हे बघून बाजूला ठेवलं होतं, कारण १.४ मध्ये देवनागरी जोडतच नव्हती. आता अक्षरजुळणीला हार्फबझ आहे, तेच जे अँड्रॉइड फोनमध्ये आणि लिबरऑफिसमध्ये असतं. चिठ्ठी पहिल्याच फटक्यात पास. कुठला मेनू नाही, कंपोझर नाही. छपाईच्या पीडीएफ-एक्सच्या तीन जाती, एक्स-१ए, एक्स-३, एक्स-४, काढता येतात. प्रेसला एवढंच लागतं.

मी खूश. काकांनी दहा मिनिटं माऊस फिरवला आणि विचारलं, “स्टोरी एडिटर कुठाय?” म्हणजे नुसता मजकूर दुरुस्त करायची खिडकी. आहे म्हटलं. “मग ठीक.” एवढं कौतुक त्यांनी इनडिझाईनचंही केलं नव्हतं.

३ मार्च

कळफलक. सॉफ्टवेअरच्या गप्पांत हे मागे राहिलं होतं आणि खरा नकार इथेच दडलेला होता. काका गेली ३१ वर्षं टाइपरायटरच्या मांडणीवर टाइप करतात, न बघता. विंडोजबरोबर येणारा नेहमीचा मराठी कळफलक इनस्क्रिप्टचा. त्यात स्वर एका हाताला, व्यंजनं दुसऱ्या. मांडणी शहाणी आहे, पण अठ्ठावन्नाव्या वर्षी बोटांना नवी भाषा शिकवायची? काकांनी अर्धा तास प्रयत्न केला आणि चष्मा काढून ठेवला. बोलले काहीच नाहीत.

संध्याकाळी रेमिंग्टन, म्हणजे त्याच टाइपरायटरच्या, मांडणीत युनिकोड देणारा कळफलक बसवून दिला. वेलांटी आधी मारायची जुनी सवय तशीच चालते, कळफलक ती अडवून धरतो आणि अक्षर आलं की मागे लावतो. काकांनी ‘स्थिती’ टाइप केलं. मग ‘परिस्थिती’. मग स्वतःच्या गावाचा पूर्ण पत्ता, पिनकोडसकट.

बदलाला विरोध वगैरे मी मनात लिहून ठेवलं होतं, ते खोडतो. त्यांचा विरोध पेजमेकर सोडायला नव्हताच, बोटं सोडायला होता.

१२ मार्च

जुन्या मजकुराचं रूपांतर. तयार कन्व्हर्टर दोन बघितले. आमच्या पॅकेजच्या २००४ आधीच्या आणि नंतरच्या फॉण्टांची घरं वेगळी, त्यामुळे दोन्ही अर्धवट. शेवटी पायथॉनमध्ये स्वतःच स्क्रिप्ट लिहायला बसलो.

कोणत्या घरात कोणतं अक्षर याचा तक्ता करणं सोपं, क्रम लावणं अवघड. जुन्या फॉण्टात डोळ्यांना दिसेल तसं टाइप होतं : ‘मूर्तींना’ लिहिताना म, ऊकार, त, ईकार, त्यानंतर रफार-अनुस्वार एकत्र आणि मग ना. युनिकोडला उच्चाराचा क्रम हवा, म्हणजे रफार उचलून त च्या आधी न्यायचा. वेलांटीचं उलटं, ती आधी येते आणि आख्खं जोडाक्षर ओलांडून मागे न्यावी लागते. ‘स्त्रिया’मध्ये किती ओलांडायचं हे स्क्रिप्टला शिकवताना माझी एक रात्र गेली.

आणखी एक खाच. नुसता मजकूर काढला तर मधले खरे इंग्रजी शब्दही मराठी समजून फिरवले जातात आणि त्यांचा चिवडा होतो. म्हणून पेजमेकरमधून आरटीएफ काढायचं. त्यात कोणता तुकडा कोणत्या फॉण्टात हे टिकतं. फक्त आपल्या फॉण्टाचे तुकडे फिरवायचे, बाकीच्यांना हात नाही.

१९ मार्च

२०११च्या अंकातला पंगतीवरचा लेख फिरवून ताईंना दिला. लाल पेनाने एकच गोल आणि बाजूला शेरा : ‘आचार्यांनी भात उपसला??’

आचाऱ्यांनी! माझ्या तक्त्यात साधा रफार आणि ऱ्य मधला अर्धचंद्रासारखा र, दोघेही एकाच ‘र्’कडे पाठवले होते. स्वयंपाकी एका रात्रीत विद्वान झाले. दर्या आणि दऱ्या यांचंही तेच झालं असणार. दुरुस्त केलं : दुसऱ्याला ‘ऱ’. युनिकोडमध्ये ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक ऱ वापरून आणि एक साध्या र नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला सारखेच, पण शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा नाही. सगळीकडे पहिलाच ठेवायचा. तीच गत ‘ॲ’ची. तो युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीची मंडळी अ वर चंद्र देऊन भागवत. सगळे एकाच साच्यात आणले.

ताईंना सांगितलं, चूक यंत्राची. ताई म्हणाल्या, “यंत्राला तक्ता कोणी दिला?”

२ एप्रिल

पाडवा झाला. आता खरी परीक्षा, पान. दिवाळी अंकाचा एक १६ पानी फॉर्म दोन्हीकडे लावायचा : क्राउन आकार, दोन स्तंभ, तोच मजकूर, तोच फॉण्ट. फॉण्टसाठी चार नमुने काढले. मुक्ता स्वच्छ आहे पण कथेला कोरडा वाटतो. आयआयटी मुंबईचा शोभिका भारदस्त, समीक्षेच्या लेखांना शोभेल. नोटो सेरिफ नको वाटला, कारण सांगता येत नाही. टिरो देवनागरी मराठी सगळ्यांना आवडला, काकांनाही, कारण त्यातला ल ‘आपला’ आहे.

९ एप्रिल

फॉर्म लागले. भिंतीवर शेजारी शेजारी डकवले.

पहिला धक्का दोन्हीकडे सारखाच : मजकूर वाढला. गेल्या वर्षी १६ पानांत बसलेला मजकूर साडेसतरा पानं खातोय. नवे फॉण्ट त्याच पॉइंटला मोठे दिसतात, वरच्या मात्रांना आणि खालच्या उकारांना जागा मोकळी सोडतात. २०८ पानी अंकाचे १३ फॉर्म होतात. या हिशोबाने पानं २२८ वर जातात, म्हणजे १५ फॉर्म. दोन फॉर्मचा कागद! अर्धा पॉइंट कमी केला आणि दोन ओळींतलं अंतर आवळलं तेव्हा साडेसोळावर आलं, म्हणजे जवळपास २१५ पानं, १४ फॉर्म. एक फॉर्म वाढणार हे बाईंना आजच सांगितलं. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, निदान वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना बरं.

दुसरी गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी नाही. मराठी शब्द प्रत्यय लागून लांबतात आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडायला आपल्याकडे कोणाला आवडत नाही. अरुंद स्तंभात ‘महाविद्यालयांमधल्या’सारखा एक शब्द खाली गेला की वरच्या ओळीत भगदाडं पडतात. पेजमेकरमध्ये काका अक्षरं किंचित ताणून हे झाकत. ताणलं की शिरोरेघ तुटते, जुन्या अंकांत भिंगाशिवायही दिसतं ते. इनडिझाईनचा कंपोझर आख्खा परिच्छेद बघून ओळी ठरवतो, पाचवी ओळ सुधारायला दुसऱ्या ओळीत बदल करतो. स्क्रायबस ओळीमागून ओळ लावत जातो. एका स्तंभाच्या पुस्तकात फरक जाणवला नसता. दोन स्तंभांत जाणवला. भिंतीपासून सहा फुटांवर उभं राहिलं तरी स्क्रायबसच्या कागदावर शब्दांमधल्या मोकळ्या जागांच्या पांढऱ्या नद्या दिसत होत्या.

मला स्क्रायबस जिंकायला हवा होता. हे लिहून ठेवतो, नाहीतर पुढे विसरेन.

१६ एप्रिल

हिशोब. इनडिझाईन म्हणजे वर्गणी, दर महिन्याला, कायमची. वर्गणी थांबली की फायली आहेत पण उघडायच्या कशात? मागे लावलेलं लॉक काढून पुढे लावल्यासारखं झालं. यावर मी दोन दिवस अडून बसलो.

मध्यम मार्ग काढला : पुस्तकं स्क्रायबसमध्ये, अंक इनडिझाईनमध्ये. काका म्हणाले, “अहो, एक काहीतरी धड शिकू द्या.” बरोबर आहे. अडीच माणसांच्या जागेत दोन तऱ्हांच्या सवयी म्हणजे दोन्हीकडून अर्धवट.

२५ एप्रिल

मार्चअखेर छापलेल्या त्रैमासिकाशी आमच्या टेबलावरचा युनिकोड मजकूर ताडून पाहिला. ३ लेखांत ५७ फरक. ताईंच्या दुरुस्त्या, लेखकाने शेवटच्या दिवशी फोनवरून बदललेलं वाक्य, पान भरायला बाईंनी कापलेल्या ओळी, सगळं पानावर झालेलं, मूळ फाईलीत नाही. म्हणजे आज आपण शहाणपणाने युनिकोड ‘मूळ प्रत’ जपून ठेवली, तरी छापून आलेला लेख तो नाहीच. २००७च्या कथेची अडचण फक्त फॉण्टची नव्हती. शेवटची शुद्ध प्रत मांडणीच्या फाईलीतच राहते आणि तिथून ती कोणी बाहेर काढत नाही.

२ मे

ठरलं. इनडिझाईन, एका यंत्रावर, एक वर्ष. अटी लिहून भिंतीला लावल्या, फॉर्म काढून त्याच जागी :

अंक प्रेसला गेला की त्याच दिवशी प्रत्येक लेखाचा मजकूर पानावरून परत काढून साध्या युनिकोड फाईलीत ठेवायचा. पूर्ण अंक आयडीएमएल या इनडिझाईनच्या अदलाबदलीच्या फाईलीतही ठेवायचा, कारण तो स्क्रायबसमध्ये उघडतो. मांडणी थोडी हलते, पण उघडतो, मी बघितलंय. हे दोन झाल्याशिवाय बिल पाठवायचं नाही. तिसरी अट काकांची : पेजमेकरच्या कमांडांचा शॉर्टकट-संच चालू ठेवायचा. इनडिझाईनमध्ये तो आयता मिळतो.

फॉण्ट सगळे मुक्त परवान्याचे. लॉकवाला एकही नाही.

२० जून

पालख्या आज पुण्यात. पेठेतले रस्ते बंद, प्रेसवाल्यांचा माणूस येऊ शकला नाही, काका मात्र चालत आले. दिवाळी अंकाचे पहिले दोन फॉर्म लागले. लाल पेनाखाली एका कथेत ११ चुका, अकराही लेखकाच्या. ताई जरा नाराज वाटल्या.

२८ जून

जुनं यंत्र बंद करायच्या आधी २००७चा अंक स्क्रिप्टमधून काढला आणि ती कथा एकदाची लेखिकेला पाठवली. जानेवारीत मागितलेली, जूनअखेर दिली.

संध्याकाळी तिचा फोन. कथा मिळाली, छान आहे, पण शेवटच्या चार ओळी तुम्हाला कुठून मिळाल्या? मला कळेना. छापील अंक काढला. तिथे कथा चार ओळी आधीच संपते, पानाच्या अगदी तळाशी. पीएमडी उघडली. मजकुराच्या चौकटीखाली पेजमेकरचा तो छोटा लाल त्रिकोण, म्हणजे अजून मजकूर आहे, खाली ओढा. कोणी ओढलाच नव्हता. आरटीएफ काढताना आख्खी स्टोरी बाहेर येते, न दिसणारीसुद्धा.

तिला वाटलं होतं बाईंनी शेवट कापला. अठरा वर्षं काही बोलली नाही, उलट आता तिला तोच शेवट बरा वाटतो म्हणाली. संग्रहात कोणता घ्यायचा ते ठरवून कळवते.

काका खुर्ची ओढून पडद्याजवळ आले आणि त्या त्रिकोणाकडे बघत राहिले. म्हणाले, “२००७ ना? त्या वर्षी मी गणपतीत आजारी होतो. पानं तुम्ही लावली होती.”